आठ पानांचं दार

पिनार देल रिओच्या चिरूट कारखान्यात
माझी नोकरी वाचण्याची.
खाली दीडशे माणसं मान घालून पानं वळतात,
मी लाकडी चौथऱ्यावर, उंच खुर्चीत.
सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी.
कादंबरी म्हणजे इथे भाडेकरू,
सहा-सहा महिने मुक्काम ठोकणारी;
तिच्यातली लग्नं ठरेपर्यंत
आमच्या दोन-तीन पोरींची उरकूनही जातात.
आवडलं तरी कुणी टाळ्या वाजवत नाही.
हात रिकामे कुठे असतात?
पात्याची चपटी बाजू पाटावर आपटतात,
टक टक टक,
पत्र्यावर कुणी चिंचोके ओतावेत तशी.

त्या मंगळवारी कादंबरीचा तिसरा भाग
हवानाहून आलाच नाही.
मुकादम ओसोरिओ म्हणाला, वाच गं काहीतरी,
हात चालले पाहिजेत.
पिशवीच्या तळाशी एक गोष्ट होती.
आठ पानं, टाचणी टोचलेली,
इतकी हलकी
की पंख्याखाली कोपरानं दाबून धरावी लागली.

एक माणूस. पाठीवर दार.
बहिणीच्या घराला दार नाही म्हणून
यानं स्वतः रंधा मारून केलेलं.
ते घेऊन तो डोंगर उतरतोय.
बस्स, एवढंच.
माणसाला नाव नाही,
पण लाकूड कुठलं ते सांगितलंय: महोगनी.
बहीण-भावाचं कशावरून बिनसलं होतं,
किती वर्षं बोलणं नव्हतं,
कादंबरीनं तीन प्रकरणं खर्ची घातली असती.
इथे एकच वाक्य:
बिजागऱ्या त्यानं वेगळ्या, रुमालात गुंडाळून
खिशात ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

तिसऱ्या पानाला रोसेल्याचा हात मंदावला.
पाचव्यावर वाटेत नदी लागते,
दार कोरडं राहावं म्हणून तो
गळ्यापर्यंत भिजतो.
सहाव्यावर माझ्या लक्षात आलं,
मला माझा आवाज ऐकू येतोय.
एरवी येत नाही.
सातव्यावर गाव लागतं.
घराच्या जागी जोतं आहे, गवत आहे, एक शेळी आहे.
शेजारी काही सांगत नाहीत.
तोही विचारत नाही.
आठव्यावर तो दार उभं करतो,
गवतातच, दगडांचा टेकू देऊन.
समोर येतो. टोपी काढतो.
आणि टकटक करतो.

पान संपलं.
मी उलटून पाहिलं, मागे कोरं.

दीडशे पाती हातात,
एकही पाटावर पडेना.
माझी पंधरा वर्षांची नोकरी,
असं कधी झालं नव्हतं.
मग कळलं:
आता आपटलं
तर ती दाद नव्हती राहणार,
दार ठोठावणं झालं असतं.
आणि आतून कुणी आलंच नाही, तर?

ओसोरिओनं वहीत लिहिलं:
मंगळवार. काम बंद, अकरा मिनिटं.
तूट, तीनशे दहा चिरूट.
कारण,
आणि तो रकाना मोकळाच सोडला.
एवढ्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं
त्यालाही लिहिता येतं.

संध्याकाळी फाटकाशी तेओफिलो बार्सागा थांबलेला.
त्रेसष्टीचा. कुणाच्या अध्यात न मध्यात.
म्हणाला, उघडलं का?
मी म्हटलं, गोष्ट तिथेच संपते.
ते ऐकलं मी, तो म्हणाला.
उघडलं का, ते विचारतोय.

बुधवारी तिसरा भाग आला.
चारशे बारा पानं, मृत्युपत्र, दोन सावत्र मुलगे,
एक जळालेली गिरणी.
लोक खूश. पाती वाजली,
टक टक टक, पत्र्यावर चिंचोके.

तेओफिलोही वाजवतो.
एकदा हलकेच आपटतो,
मग थांबतो,
मान जराशी कलती करून.